खिळ्यांचा उन्हाळा

भर जुलैत, कोरड्या ठणठणीत रस्त्यावरून तौनोची गाडी कडकड कडकड करत जायला लागली, की लोक खिडकीशी येऊन हसायचे. हसतील नाही तर काय! बर्फासाठी खिळे ठोकलेले टायर डांबरावर असे वाजतात, की तळ्यापलीकडच्या बहिऱ्यालाही कळावं. पोलिसांनी धरलं तर दंड, तो वेगळाच. आणि गाडी कुणाची, तर तौनोची! ज्यानं उभा जन्म लोकांच्या टायरांवरून लोकांची अब्रू काढली, त्या तौनोची.

आमच्या या बर्फाळ मुलखात वाप्पूच्या सणाला, मे उजाडला की, प्रत्येक अंगणात जॅक लागतो. हिवाळ्याची चाकं उतरायची, उन्हाळ्याची चढायची, आणि मग सणाच्या गरमागरम मुंक्की, तळून साखरेत घोळवलेले गोड पाव, हाणायच्या. तौनो सगळ्यांच्या आधी आपली चाकं बदलायचा आणि हात पुसत पुसत गावभर फिरायचा. कुणी टायरच्या दुकानात गाडी नेली की त्याची खैर नसायची. "काय रे, बुटाची लेस तरी स्वतः बांधतोस, की तिथंही माणूस ठेवलाय?" कुणी आळसानं हिवाळी टायर तसेच ठेवले, तर त्याच्या फाटकाशी उभा राहून हा ओरडायचा, "बर्फ कधी पडतोय रे? आम्हालाही सांग की!"

सगळ्यात जास्त पोळला तो जावई, पेत्री. शहरात वाढलेला, कचेरीत बसणारा. लग्नानंतरच्या पहिल्याच वाप्पूला त्याच्याकडून एका चाकाचे नट ढिले राहिले. झालं! तौनोनं शेजारपाजार गोळा केला, पेत्रीला चाकापुढे गुडघ्यावर बसवलं आणि एकेक नट पुन्हा आवळायला लावला. वर म्हणाला, "जावईबुवा, ज्याला आपली चाकं बदलता येत नाहीत, त्यानं मागच्या सीटवर बसावं. बायकोची पिशवी मांडीवर घेऊन." पैवी, तौनोची एकुलती एक लेक, रडत आत गेली. पेत्री मात्र सगळ्यांबरोबर हसला आणि ते हसू त्यानं जपून ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात तौनोला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावा हात गेला. म्हणजे स्टिअरिंगवर टेकायचा, पण साधा कप धरवत नव्हता. घरात बायको होती, हिल्का. डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, डोक्यानं निम्मी हरवलेली, पण कानांची तिखट. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं तौनोच करायचा. हो, ते सांगायलाच हवं. तोंडानं कितीही दुष्ट असला, तरी बायकोला त्यानं तळहातावर जपलं होतं. पण एका हातानं काय काय सांभाळणार? पैवीनं आईला शहराजवळच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

निघताना हिल्कानं त्याची बाही धरली. "मला परत कधी नेशील, तौनो?"

"खिळे उतरले की," तो म्हणाला. "उन्हाळा लागला की आपल्या घरी, तळ्यावर. शब्द दिला."

माणूस असं काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. पण हिल्कानं सगळं विसरून तेवढंच नेमकं धरून ठेवलं. डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिल्यावर तौनो दर रविवारी जायचा, आणि दर रविवारी तिचं एकच, "उतरले का रे खिळे? ने ना मला. इथं मी मरेन." निघताना दोन्ही हातांनी त्याची बाही धरायची. नर्सला तिची बोटं सोडवावी लागायची. तौनो गाडीत बसून लहान मुलासारखा रडायचा आणि मग नाक पुसून गाडी सुरू करायचा.

वाप्पू आला. तौनोनं अंगणात जॅक लावला. उजव्या हातानं पाना धरून नटावर सगळं वजन टाकलं. नट हलला नाही, तौनो मात्र पाय वर करून चिखलात आपटला. फाटकाशी पेत्रीची गाडी येऊन उभी होती. काच खाली झाली.

"जमतंय का, बाबा?"

तौनोनं उठता उठता दात खाल्ले. "जरा हात लाव की."

"लावला असता हो," पेत्री गोड आवाजात म्हणाला. "पण मला कुठं नीट जमतं? नट ढिले राहिले म्हणजे? पुढच्या रविवारी बघू. आणि घाई असेल तर मागच्या सीटवर बसा, मी सोडतो तुम्हाला. पिशवी आहे ना मांडीवर घ्यायला?"

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. दुकानात जायचं तर कुठल्या तोंडानं? लोकांच्या घरची कामं पैसे घेऊन करतो म्हणून तिथल्या माणसालाच तौनो भाड्याचा नवरा म्हणायचा. शेवटी खिळ्यांवरच तो निघाला. गाव हसलं. त्याच्याच फाटकाशी उभं राहून कुणीतरी ओरडलं, "बर्फ कधी पडतोय, तौनो?"

वृद्धाश्रमाच्या आवारात गाडी कडकडत शिरली. हिल्का तिच्या खिडकीशी बसलेली. तौनो खोलीत आला, तर ती शांत.

"वाजतायत अजून," ती म्हणाली. "म्हणजे रस्त्यावर बर्फ आहे. मी म्हटलंच, उन्हाळा इतक्यात कुठला? आणि काय रे तापवतात इथला हीटर! घाम निघतो नुसता."

तौनोनं तोंड उघडलं. बाहेर बर्चची झाडं हिरवीगार झाली होती. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, आणि त्याचं उत्तर त्याच्या डाव्या बाहीत लटकत होतं. तिला तो घरी नेऊ शकत नव्हता. या उन्हाळ्यात नाही, कधीच नाही. हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं.

"हो गं," तो म्हणाला. "बर्फ आहे. थांब थोडी."

ती थांबली. रडली नाही, बाही धरली नाही. तौनोला इतकं हलकं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

त्यानंतर तो मुद्दाम तिच्या खिडकीखालून गाडीची एक जास्तीची फेरी मारायला लागला. हिल्का खूश असायची. लोकरी मोजे आणि टोपी घालून बसायची. उकाडा वाढला तशी नर्स म्हणाली, "अहो आजोबा, आजी मोजे काढूच देत नाहीत. पायांना घामोळं आलंय. तुम्ही तरी सांगा, उन्हाळा आहे म्हणून."

"राहू दे," तौनो म्हणाला. "तिला थंडी वाजते."

आणि मग पेत्रीला उपरती झाली. पैवीनं त्याला धारेवर धरलं होतं, "लाज नाही वाटत? म्हातारा माणूस गावाचा विदूषक झालाय!" एका रविवारी तौनो जेवून झोपला होता, तेव्हा दोघं गुपचूप आली. पेत्रीनं चारही चाकं बदलली, एकेक नट दोनदा आवळला. पैवीनं आईच्या कढईत मुंक्की तळल्या. तौनो डोळे चोळत बाहेर आला, तर अंगणात गाडी उन्हाळी चाकांवर उभी, आणि पेत्री तेलकट हातांनी समोर.

"बाबा, माझं चुकलं. वाईट वागलो मी."

तौनो पांढराफटक पडला. "चढव," तो म्हणाला. "खिळे परत चढव."

"आता पुरे झाला हट्ट, बाबा!" पैवी ओरडली. "आई वाट बघत असेल. हा मुंक्कीचा डबा घ्या, पेत्री येतोय बरोबर." लेकीपुढे त्याला खरं बोलवेना. ती म्हणाली असती, किती दुष्ट आहात हो. ते खरंच होतं.

गाडी रेशमासारखी चालली. रस्ताभर पेत्री काही ना काही बोलत राहिला. आवारात चाकं आवाज न करता थांबली.

हिल्का खोलीच्या मधोमध उभी होती. अनवाणी. अंगात बाहेर जायचा कोट, हातात पिशवी, टोपी पलंगावर फेकलेली.

"आपल्या गाडीचं दार वाजलं, पण खिळे नाही वाजले!" ती म्हणाली. मग तिला डब्याचा वास आला आणि तिचा चेहरा एकदम पोरीसारखा उजळला. "मुंक्की! उतरवलेस ना रे? उतरवलेस! मी मोजेसुद्धा काढून टाकले. चल, तळ्यावर पाय बुडवून बसू." चाचपडत येऊन तिनं त्याची डावी बाही घट्ट धरली.

पेत्री दारात डबा घेऊन हसत उभा होता. त्याला वाटलं, आपण केवढं पुण्य केलं.

"हिल्का," तौनो म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "खिळे आहेत चाकांना. काल रात्री नवा बर्फ पडलाय. चांगला गुडघाभर. ताज्या बर्फावर खिळे वाजत नाहीत, विसरलीस?"

ती ऐकत राहिली. "मग मुंक्की कशा?"

"पैवीला हुक्की आली. भर थंडीत तळत बसली."

हिल्काची बोटं बाहीवरून आपोआप सुटली. नर्सला बोलवावं लागलं नाही. ती मागे सरत सरत खुर्चीत बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"किती लांबला रे यंदाचा हिवाळा," ती म्हणाली. "पाय गारठतील माझे. मोजे कुठं गेले?"

पेत्रीचं हसू केव्हाच उतरलं होतं. त्याला सगळं कळलं होतं. तौनोनं त्याच्याकडे मान वळवली.

"बघतोस काय, जावईबुवा? माझ्या एका हातानं नाही जमत. घाल तिला."

पेत्रीनं डबा खाली ठेवला. पलंगाखालून लोकरीचे जाड मोजे काढले आणि हिल्कापुढे गुडघ्यावर बसून, त्या घामोळं आलेल्या लालबुंद पायांवर एकेक करून चढवले.

"घट्ट ओढ," तौनो म्हणाला. "ढिले ठेवू नकोस."