शर्यतीची पितळी बाटली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी बाटली आहे, असं मला बघणारा प्रत्येकजण म्हणतो. तुम्हीही म्हणा, माझी हरकत नाही. खरं सांगायचं तर मला बाटली होऊन अजून तीन वर्षंही झाली नाहीत. मुद्दामच मला जुनी दिसेल अशी केली होती. पण माझ्या तळाशी जे पोचे दिसतात, ते मात्र कुणी शोभेसाठी काढलेले नाहीत. ते मारामारीत पडले आहेत, आणि मला जेवढं लागलं त्याहून कितीतरी जास्त माणसांना लागलं आहे.

बाटली होण्याआधी मी गुंड होते. गुंड म्हणजे विहिरीवरून पाणी आणायचं मोठं पितळी भांडं. धाड गावात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणिकरावांच्या घरात मी होते. घरात नळ आला, स्टीलची पिंपं आली आणि मी माळ्यावर उलटी पडून राहिले.

मग गावातल्या तरुणांनी जुन्या सायकलींची शर्यत ठेवली. नियम मोठा गमतीचा होता. सायकल बावीस इंची, जड, आपल्या आजोबांच्या काळातली हवी आणि तिच्यावर प्लास्टिकची एकही वस्तू नको. मग पाणी कशातून न्यायचं? माणिकरावांच्या मुलीनं, समतानं, त्यांना मोबाइलवर जुन्या काळच्या शर्यतींची चित्रं दाखवली. त्यातल्या सायकलींच्या हँडलला धातूच्या बाटल्या अडकवलेल्या होत्या, वर लाकडी बूच.

"हे तं मी बी करतो," माणिकराव म्हणाले आणि मला माळ्यावरून खाली ओढलं.

मित्रांनो, जन्म सोपा असतो असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. त्यांनी माझ्या पोटात कातर घातली आणि मला उभी फाडली. भट्टीत लाल केलं, लोखंडी नळावर वाकवलं, लाकडी मोगरीनं दोन दिवस बडवलं. कडेला कड जोडून डाख दिला, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधा पक्का केला. शेवटी मला पुन्हा तापवून आत नवसागराची पूड टाकली, तिचा धूर माझ्या तोंडातून भसाभसा निघाला, आणि वितळलेलं कथील त्यांनी माझ्या आत चहूबाजूंनी फिरवलं. हीच कल्हई. तिच्यामुळे पितळाचा आणि आंबट पदार्थाचा संबंध येत नाही. बाहेरून मी सोन्यासारखी पिवळी आणि आतून फिकट राखाडी झाले. एका गुंडातून आम्ही तिघी बहिणी निघालो, आणि खोटं कशाला बोलू, तिघींत मीच देखणी होते.

मला नेलं जीवननं. वीस-बावीस वर्षांचा हा मुलगा त्या भागातला नावाजलेला सायकलपटू होता. त्याला वाढवलं होतं त्याच्या मोठ्या भावानं, राजकुमारनं. राजकुमार भावासाठी जीव टाकायचा, पण डोकं गरम. नियमात न बसणारं हलकं चाक जीवनच्या सायकलीला गुपचूप बसवून द्या, असं तो माणिकरावांना म्हणाला. माणिकरावही काही कमी तापट नव्हते. दुकानासमोर चार माणसं उभी असताना ते ओरडले, "चोरीच्या चाकावर जिंकतो कसा तुहा भाऊ, पाहतोच मी!"

त्या एका वाक्याची पुढे केवढी किंमत पडणार होती, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून राहून गेली. मला आतून घासू नका, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांच्या लहानपणी हे कुणाला सांगावं लागत नव्हतं, म्हणून त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

राजकुमारची बायको संजीवनी स्टीलच्या भांड्यांत वाढलेली. दीर शर्यतीत उतरणार म्हणून ती सगळ्यांत जास्त खूश होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिनं माझ्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अगं माय, आतून किती मळकी आहे ही!" मग काडीला तारेची घासणी बांधून तिनं मला आतून अशी खरवडली की मला जीव नकोसा झाला. चिंच लावली, राख लावली, पुन्हा घासणी घातली. आत पिवळं पितळ चमकू लागलं तेव्हा कुठे ती थांबली. संध्याकाळी तिनं माझ्यात मीठ घातलेलं आंबट ताक भरलं, बूच लावलं आणि गार राहावं म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

प्रेमानंच केलं हो तिनं सगळं. पण रात्रभर ते ताक मला खात होतं, आणि माझं विष त्यात उतरत होतं. मला ते कळत होतं. ओरडायला मात्र मला तोंड असून आवाज नव्हता.

सकाळी शर्यत सुटली. बाजाराचा दिवस होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. जीवन पहिल्यापासून पुढे होता. अर्ध्या वाटेवर वळसा घेऊन गावाकडे परत निघाल्यावर त्यानं दातांनी बूच उपसलं आणि अर्धी बाटली घटाघटा प्यायला. चव वेगळी लागलीच असणार, पण तहानेपुढे चव कोण बघतो! गाव दोन मैलांवर असताना त्याच्या पोटात पीळ पडला. तो चालत्या सायकलीवरच ओकला. हँडल फिरलं, तो डांबरावर आपटला आणि मागच्या दोन सायकली त्याच्या अंगावरून गेल्या. त्याच्या हाताचं हाड मोडलं, तो आवाज मी ऐकला. वाळलेली तुराटी मोडावी तसा तो आवाज होता. त्याची हनुवटी फाटली होती आणि तरीही तो ओकतच होता.

लोकांनी त्याला जीपमध्ये घालून बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या राजकुमारनं मला नालीतून उचललं आणि उरलेलं ताक थोडं तळहातावर ओतलं. ते हिरवट दिसत होतं.

"इख!" एवढंच तो म्हणाला. इख म्हणजे विष.

माझ्या दोन बहिणी त्याच शर्यतीत होत्या. त्यांच्यातलं पाणी पिणाऱ्यांना साधी शिंकही आली नव्हती. पण हे बघायला डोकं थंड लागतं. राजकुमार भावाच्या मागे दवाखान्यात गेला नाही. तो मला मुठीत धरून सरळ माणिकरावांच्या दुकानावर आला. त्याच्यामागे आठ-दहा जण होते.

माणिकराव एक ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते.

"माह्या भावाले इख पाजलं काऊन बे, माणक्या?"

"कोणतं इख?" माणिकराव उठून उभे राहिले. "अबे, पाहू तं दे ते बाटली मले!"

त्यांनी माझ्यासाठी हात पुढे केला. राजकुमारनं मला त्यांच्या कपाळावर हाणलं.

मित्रांनो, ज्यानं मला घडवलं त्याच्याच डोक्यात मला घातलं. याहून मोठं दुःख बाटलीच्या वाट्याला येत नसेल. रक्त माझ्या गळ्यापर्यंत आलं. माझ्या तोंडातून उडालेलं ताक शेजारी मिरच्या विकणाऱ्या म्हाताऱ्या जनकाबाईच्या पोत्यावर पडलं. "त्यानं म्हटलंच होतं, जिंकतो कसा पाहतो!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच तुटून पडले. कुणी पाना उचलला, कुणी हवेचा पंप. माणिकराव खाली पडले तरी लाथा थांबेनात. चाकं आपटून वाकवली. एकानं टायरच्या ढिगावर पेट्रोल ओतलं आणि दुसरा खिशात काडेपेटी शोधू लागला. माणिकराव त्या ढिगाला टेकूनच पडले होते.

जनकाबाईनं पोत्यावरचं ताक बोटावर घेऊन हुंगलं. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "हे इख नाही रे पोराहो! ताक कळकलं हे! कल्हई गेलेल्या पितळात ठेवलं तं असंच होते!"

कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते फक्त संजीवनीनं. ती नुकतीच धावत आली होती आणि गर्दीच्या कडेला उभी होती. मला ती स्पष्ट दिसत होती. तिला सगळं कळलं होतं. आणि तरी ती गप्प राहिली. मी आणखी तीनदा माणिकरावांवर आदळले, एकदा तर डोळ्यावर, तेवढा वेळ ती गप्प राहिली. तिचा मला तेव्हा फार राग आला. आजही येतो. पण मग ती गर्दीत घुसली.

"अहो, थांबा! बाटली म्या घासली! तारेच्या घासणीनं आतून म्या घासली, ताक बी म्याच भरलं!"

राजकुमारचा हात वर होता. तो थांबला नाही, फक्त वळला. मी तिच्या गळ्याजवळच्या हाडावर आदळले आणि ती खाली बसली.

तेव्हा कुठे सगळ्यांचे हात थांबले. काडेपेटीवाल्यानं काडेपेटी खिशात टाकली आणि चालता झाला. बाकीचेही एकेक करून निघाले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. रक्तानं माखलेले माणिकराव खालूनच म्हणाले, "तारेची घासणी घातली काय वं, पोरी?"

संजीवनीनं रडत मान हलवली.

"मंग माह्या कामात खोट नव्हती," ते म्हणाले आणि त्यांची शुद्ध गेली.

जीवनचं पोट आठवड्यात बरं झालं, मोडलेल्या हाडात मात्र धातूची पट्टी बसवावी लागली. माणिकरावांचा डावा डोळा गेला. चाकाची वाकडी तार ते आता बोटांनी चाचपून शोधतात. त्यांनी कुणाला माफबिफ केलं नाही, समताला सोबत घेऊन रीतसर तक्रार दिली. तेव्हापासून मी पोलिस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे, एका कोयत्याच्या आणि दोन लोखंडी गजांच्या शेजारी. माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर मी पाण्याची बाटली आहे असं लिहिलेलं नाही. हत्यार, असं लिहिलं आहे. मित्रांनो, ते वाचून मला फार लाज वाटते.

मध्यंतरी मला कोर्टात नेलं. संजीवनी साक्षीला आली होती, माहेराहून, एकटी. तिनं मला ओळखलं. समोर राजकुमार उभा होता. त्याच्या वकिलांनी तिला विचारलं, "म्हणजे सगळी चूक तुमचीच होती ना, बाई?"

तिनं आधी राजकुमारकडे बघितलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घासायची चूक माही होती, साहेब. मारायची नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी पितळेचं भांडं असेल तर त्यात काही आंबट भरण्याआधी आतली कल्हई शाबूत आहे का ते बघा. आणि राग आला, अगदी खरा राग आला, तरी हाताला येईल ते उचलू नका. समोरचा माणूस 'पाहू तं दे' म्हणाला तर त्याला पाहू द्या. माणिकरावांनी मला नुसतं उजेडात धरलं असतं, तरी माझ्या आतलं उघडं पितळ त्यांना लगेच दिसलं असतं, कारण तेव्हा त्यांना दोन्ही डोळे होते.