दुसरा ट्रान्झिस्टर

स्नेहल कायमची माहेरी, वणीला निघाली. आदल्या दुपारी तिने अमोलचा डबा माझ्यापुढे ठेवला. अमोल माझा मुलगा, तिचा नवरा. गेल्या वर्षी गेला. गिटार वाजवायचा. ॲल्युमिनियमच्या डब्याला भोकं पाडून त्यात तो पेडल बनवत होता, ते अर्ध्यावर राहिलं.

"आई, एवढं पुरं करून द्या. त्याला हवा होता तो आवाज एकदा ऐकते आणि जाते."

"याने होतं काय?"

"पायाने दाबलं की गिटारचा आवाज फाटतो. जुन्या स्पीकरसारखा."

"चांगला आवाज मुद्दाम फाडायचा?"

"मीपण त्याला हेच म्हणायचे."

बाकी सगळं त्याने जोडलं होतं. जुन्या रेडिओतून काढलेले दोन ट्रान्झिस्टर तेवढे लावायचे होते. सातपूरच्या कारखान्यात माझी उमर सोल्डरिंगच्या लाइनीवर गेली. तिथे टाका आरशासारखा चमकला तरच पास. मी ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक पायावर तापलेलं आयर्न टेकवलं आणि चमक येईपर्यंत धरून ठेवलं.

स्नेहलने गिटार डब्यातून ॲम्पला, म्हणजे तिच्या मोठ्या स्पीकरला लावली, तार छेडली. नीट वाजली. पेडल दाबलं तर काहीच नाही. फुसफुससुद्धा नाही. तिने परत दाबलं. मग खाली वाकून डब्यात पाहत राहिली.

"टाके मात्र सुंदर आलेत. तुमचा सुपरवायझर पास करेल."

"करेल," मी म्हणाले.

सकाळी ती गिटार घेऊन गेली. अमोलचा ॲम्प जड, तो घरीच राहिला. "डबा झाला की सांगा, मी येते," म्हणाली. मी मान हलवली. बस गेल्यावर पिशवीतला डबा घेऊन तशीच भद्रकालीत निसारभाईंच्या रेडिओच्या दुकानात गेले.

त्यांनी मीटर लावला. "भागुताई, चकली तळलीत की काय? एक जिवंत आहे, दुसरा मेला."

"टाका तर चांगला आहे."

"टाक्याचं काय घेऊन बसलात! हा जर्मेनियमचा माल. जास्त तापला की संपला. पाय चिमट्यात धरायचा, म्हणजे गरमी चिमट्यात जाते."

एका मोडक्या रेडिओतून त्यांनी दुसरा काढून दिला. घरी येऊन मी पाय चिमट्यात धरला, आयर्न टेकवलं आणि लगेच उचललं. टाका मळकट आला. तसाच ठेवला.

गिटार नव्हती. ॲम्प चालू करून डब्याच्या गिटार जोडायच्या वायरीच्या टोकाला बोट लावलं, पेडल दाबलं. जाडी, फाटकी घरघर निघाली. बोट काढलं की बंद, लावलं की चालू. बराच वेळ लावून बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

स्नेहलला फोन केला.

"झाला गं डबा."

"वाजतो?" ती हळू आवाजात बोलत होती. मागे कपबश्या वाजत होत्या.

"वाजतो. कधी येतेस?"

"आई, घरात पाहुणे आलेत."

"कसले?"

"मला बघायला."

"बरं."

"मी येईन, आई. गिटार घेऊन येईन."

"चहा निवेल त्यांचा. जा तू."

फोन ठेवून मी डबा उघडला आणि आतली बॅटरी काढून ठेवली. आत नुसती पडून राहिली की गळते.