जुन्या रंगाखालचं नाव

पेंटरनं जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली. दुकानांची, दवाखान्यांची, टेम्पोच्या पाठीवरची. बायकोचं नाव रंगवायची वेळ कधी आलीच नव्हती. आज आली, तर गडी सकाळी दोनदा दाढी करून निघाला.

जायचं होतं सिस्टरांकडे. रिटायर झालेली नर्सबाई, दोन खोल्यांत संस्था चालवते. घरी आजारी माणूस असलं की तिथून पलंग, वॉकर, चाकाची खुर्ची फुकट वापरायला न्यायची. कुणी खुर्चीसाठी पैसे दिले की पाठीवर त्याच्या माणसाचं नाव रंगवायचं आणि फोटो पाठवायचा, ही तिथली रीत. नावं पेंटर रंगवायचा, तेही फुकट. बायको गेल्यावर त्यानं तिचं कानातलं मोडलं आणि सगळे पैसे सिस्टरांच्या हातात ठेवले. म्हणाला, तिच्या नावाची एक नवी खुर्ची घ्या.

खुर्ची उभी होती. काळीभोर, चकचकीत. पेंटरनं फडकं मारलं आणि धुळीचा कण राहिला का बघायला सवयीनं पाठीवरून अंगठा फिरवला. अंगठा अडखळला. आता ऑईलपेंट ही मोठी बेशरम चीज आहे बघा. वरून कितीही रंग चोपडा, जुन्या अक्षराची कड हाताला लागतेच. त्यानं डोळे मिटून चाचपलं. बेकरीवाल्याच्या वडलांचं नाव. गेल्या वर्षी त्यानंच रंगवलेलं. अक्षराच्या शेपटीला असा झोका देणारा गावात दुसरा हात नव्हता.



सिस्टर चहा घेऊन आल्या, त्यांनी त्याचा अंगठा बघितला आणि कप बशीत वाजला.

"ही नवी नाही," पेंटर म्हणाला.

सिस्टर पलंगाच्या कडेवर बसल्या. तीस वर्षं न थरथरता सुया टोचणारा हात आता चष्मा शोधत राहिला. चष्मा नाकावरच होता. मग त्यांनी सगळंच सांगितलं. दोन वर्षांत नवी खुर्ची घेतलीच नव्हती. अकरा होत्या, त्यातल्या चार कोपऱ्यात पडून. तुटवडा होता तो डायपरचा, चादरींचा, सामान पोचवायच्या गाडीच्या टायरचा. पण त्याला कोण देतो? लोकांना नाव मावेल अशी पाठ लागते. म्हणून जुनीच काळी करायची, नाव घालायचं, फोटो काढायचा आणि पैसे तिकडे वळवायचे. तिघांना असंच केलं, पेंटर चौथा. एक पैसा घरी नेला नाही, बिलं फायलीत आहेत, बघा.

"तुम्ही खाल्ले नाहीत हे मला ठाऊक आहे," पेंटर म्हणाला. "पण माझ्या हातानं खोटं लिहून घेतलंत, सिस्टर."

हे त्यांना लागलं. जरा फणकारूनच म्हणाल्या, "मग काय करू? डायपरवर कुणाच्या आईचं नाव घालू?"

पेंटरला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. बायको आठ महिने अंथरुणात होती. खुर्चीत बसली असेल चार वेळा, तेही कुरकुरत, की मला काय दुकानात मांडायचंय? बाकी सगळं पुसणं, बदलणं, पावडर लावणं. पहिल्या दिवशी त्यानं डायपर उलटाच लावला, तर तेवढ्या दुखण्यातही ती हसली होती. जन्मभर पाट्या सरळ लावल्या, म्हणाली, आणि आता हे उलटं? महिनाअखेरीला तो पाकिटांचे भाव विचारत दुकानं पालथी घालायचा.

"आमच्या हिचं नाव घाला," तो म्हणाला. "मला विचारलं असतंत तर मीच म्हणालो असतो. नुसतं विचारायचं होतं."

मग त्यानं अट घातली. तिघांनाही आजच फोन करायचा, त्याच्यासमोर. सिस्टर म्हणाल्या, बेकरीवाला मला सोलून काढेल.

"काढू दे. वरून रंग मी देतो."

पहिला फोन बेकरीवाल्याला लागला. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला आणि सिस्टर नुसत्या हो, चुकलंच, एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी तो म्हणाला, चार वाजता येतो, फाईल काढून ठेवा, पुढचं मग बघू. सिस्टरांचा चेहरा एवढासा झाला. दोघं उरलेत, म्हणाल्या. पेंटरनं गार होत आलेला चहा त्यांच्यापुढे सरकवला.

स्वतः तो डायपर ठेवायच्या पत्र्याच्या कपाटाकडे वळला. खडूनं दोन रेघा ओढल्या. पहिलं अक्षर पुसून त्यानं पुन्हा काढलं. सिस्टरांनी बघितलं न बघितलं केलं आणि दुसरा नंबर फिरवला. बायकोचं नाव झाल्यावर खाली त्यानं बारीक अक्षरात लिहिलं: डायपर, चादरी. लागतील तेवढ्या न्या.

ब्रश धुवायच्या आत दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हमालासारखा दांडगा, पण आवाज पार खाली. घरी वडील आहेत, म्हणाला, कुणी सांगितलं इथे मिळतात म्हणून, ते आपलं... पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

पेंटर बाजूला सरकला.

"याच कपाटात आहेत, भाऊ. दार कडेनं धरा. नाव ओलं आहे अजून."