हातावरची नोंद

"साहेब, एक रकाना उघडा हो. एकच! माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"बाई, शीट उगाच लॉक नाही केली. दुरुस्तीची विनंती फॉर्ममधून टाका, चोवीस तासांत होऊन जाईल."

फोन बंद झाला आणि वहीवाल्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. संगणक आला तरी खणात वही ठेवतात, म्हणून हे नाव. दोन महिन्यांपूर्वी नवे संगणक-साहेब आले आणि त्यांनी रुग्णांचा तक्ता कुलूपबंद केला. खिडकीवर फक्त फॉर्म भरायचा. भरलेलं तक्त्यात दिसायचं, पण बदलायची सोय नाही. चुका होऊ नयेत म्हणून म्हणे! आणि चूक या दीडशहाण्याने फॉर्मातच पेरून ठेवलेली. 'औषधाची अ‍ॅलर्जी' या प्रश्नापुढे आधीच 'नाही' भरलेलं असायचं.

सकाळी एक मुलगी आपल्या गवंडी बापाला घेऊन आली होती. पायात खिळा घुसून पाय सुजलेला, तापाने बडबडत होता.

"बाबांना पेनिसिलिन चालत नाही हो, मागे मरता मरता वाचलेत," तिने दोनदा सांगितलं. बाईंनी मान डोलावली. रांग ओरडत होती, आणि बोट सवयीने एंटरवर पडलं. साहेबांचा राग होताच, पण बोट आपलं होतं, हे जास्त झोंबत होतं.

"माझी खिडकी बघ गं," त्या शेजारच्या खिडकीवरच्या मुलीला म्हणाल्या.

"कुणी विचारलं तर?"

"सांग, म्हातारी पिसाळली."

तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात पोचेपर्यंत गुडघे बोंबलायला लागले. गवंड्याची मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. नर्सच्या हातात सुई तयार होती.

"थांब! पेनिसिलिन आहे ना त्यात? याला चालत नाही."

"पण स्क्रीनवर 'नाही' लिहिलंय, बाई."

"मीच घातलंय ते! चुकलं माझं. बदलायला जावं तर कुलूप."

नर्सने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला धावली. पण पुढच्या पाळीची नर्स स्क्रीनच वाचणार होती. बाईंनी ट्रेमधला लाल मार्कर उचलला आणि गवंड्याच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लिहिलं : पेनिसिलिन नको.

दुपारी नोटीस आली. वीस मिनिटं खिडकी सोडल्याचा खुलासा द्या. तोही फॉर्ममध्येच, आणि कारणं तीनच : आजारपण, घरगुती अडचण, निष्काळजीपणा. रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकेना.

"जीव वाचवला, हे कुठे घालू?" बाईंनी टेबलावर मूठ आपटली. शेवटी त्यांनी 'निष्काळजीपणा' निवडलं. तेही कुलपात गेलं.

पाचव्या दिवशी गवंडी काठी टेकत, लेकीचा हात धरून खिडकीशी आला. तक्त्यात त्याच्यापुढे अजून 'नाही'च होतं, आणि दुरुस्तीची विनंती 'विचाराधीन'.

"पुसत होत्या नर्सबाई," हात पुढे करत तो म्हणाला, "म्हटलं, असू द्या."

अक्षरं फिकी पडली होती. बाईंनी खणातून मार्कर काढला आणि त्याचा हात खिडकीतून आत ओढून घेतला. मागे रांग ओरडत होती. ओरडू दे. त्या एकेक अक्षर पुन्हा ठसठशीत गिरवू लागल्या.