शेंग बांधाच्या आत नको

“सूनबाई, झाड राहू दे, पन याची शेंग बांधाच्या आत जाऊ देऊ नको. एवढं सांभाळ.”

गुणाजीबाबांचा तो आवाज मला अजून आठवतो. शेवटच्या आजारात ते माझ्या सावलीत घोंगडी टाकून बसले होते. “व्हय मामंजी, सांभाळीन,” असं वेणूबाईने पदर सावरत वचन दिलं.

मित्रांनो, मी एक जुनी वेडी बाभूळ आहे. दिघीच्या खाडीकाठी, खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर उभी आहे. माझं कूळ दूरदेशीचं. इथे गवतही धड तगत नाही, म्हणून गुणाजीबाबांनी मला कुंपणाला लावलं. माझ्या काट्यांनी गुरं अडवली. माझ्या वाळक्या फांद्यांवर वेणूबाईच्या घरचा भात शिजला. ती रोज सकाळी हात जोडायची नि म्हणायची, “बाय माझी, तू हायस म्हणून चूल पेटते.” ऐकून मला किती बरं वाटे!

वेणूबाईचं एक व्रत होतं. मुक्या जिवाला घास दिल्याशिवाय ती स्वतः जेवत नसे. उन्हाळ्यात माझ्या गोड शेंगा पिकल्या, की त्या वेचून ती बांधाबाहेरच शेजारच्या मनुबाईच्या शेळ्यांना घाली. शेंग आत गेली नाही, वचन पाळलं, असंच तिला वाटे.

पण शेंग पचते, बी पचत नाही. त्याच शेळ्या मग बांधाआतल्या वेणूबाईच्या मोकळ्या भातशेतात चरत, आणि त्यांच्या लेंड्यांतून माझं बी बांधाच्या आत पडे. मला हे कळत होतं. पण मला बोलता कुठे येतं?

वेणूबाईचा मुलगा सुजित नोकरीसाठी अलिबागला गेला. दोन पावसाळे शेत पडीक राहिलं. तो परतला तेव्हा तिथे माझीच लेकरं दाटीने उभी होती. त्याने ती कोयत्याने छाटली, तर महिन्याभरात एकेका बुडख्यातून चार-चार फांद्या फुटल्या.

माघातल्या एका सकाळी तो लंगडत बांधावर आला. तळव्यातला काटा दाखवत म्हणाला, “घे आई, तुझ्या व्रताचा प्रसाद! शेळ्यांना शेंगा चारल्यास ना? यंदा भात लावता आला नाही, तर मी शेत विकून टाकनार.”

वेणूबाईने त्याला खाली बसवलं. तिने सुईने काटा काढला, जखमेवर हळद दाबली. मग हळूच म्हणाली, “म्हंजे मामंजींचा शब्द माझ्याच हातून मोडला रे.”

“मग आता काय, ही म्हातारी बाभूळ तोडू?”

मी थरथरले.

“तिचा काय दोष? तिला आवरायचं काम माझं होतं.”

मित्रांनो, मला जगायची हौस आहे, पण कुणाचं ताट ओढून नाही. मला जागा द्या, पण माझ्यावर नजरही ठेवा. माझ्या शेंगा वेळेवर वेचा. माझी रोपं कोवळी असतानाच मुळासकट उपटा. मी रागावणार नाही.

दुसऱ्या दिवशी वेणूबाईने कोळीवाड्यातून जुनं जाळं मागून आणलं आणि माझ्याखाली बांधलं. पुढे शेंगा पडतील त्या त्यातच, आणि तिथून थेट चुलीत. शेळ्यांसाठी तिने घरून भाकरी आणली होती.

“आणि तुझं जेवन कधी?” सुजितने विचारलं.

“आजपासून रोज एकवीस रोपं मुळासकट उपटायची. मगच जेवायचं.”

तिने मला हात जोडले, कुदळ खांद्यावर घेतली आणि ती बांध उतरून शेतात गेली.