भिवा मानेला पाठिंबा

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये अमिरातीतल्या मराठी माणसांच्या सह्याद्री मंडळाच्या अध्यक्षपदासाठी भिवा मानेचं नाव निघालं, तेव्हा खैरुद्दीन परकार आधी हसला.

मंडळात दोन गट होते, दुबईवाले आणि शारजा-अजमानवाले. निवडणुकीआधी प्रत्येक गट आपला एकेक उमेदवार ठरवायचा. अकरा वर्षं खैरुद्दीन मंडळाचा सेक्रेटरी होता. या वेळी आपल्या गटाकडून आपणच, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. आणि भिवा? माणदेशातून आलेला शटरिंगचा सुतार. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात कॅम्पवर दहाजणांच्या खोलीत राहणारा. कमिटीत कधी बसलेला नाही, इंग्रजीत सही येत नाही.

"मजाक करता काय लियाकतभाई?" खैरुद्दीननं फोनवर विचारलं.

लियाकतचं गॅरेज होतं आणि गटात त्याचा शब्द चालायचा. "मजाक नाही. कॅम्पवरची शंभर पोरं मेंबर झालीत. दुबईवाल्यांना हरवायचं तर भिवाच पाहिजे. तू सेक्रेटरी आहेसच ना, हबीबी!"

खैरुद्दीननं फोन ठेवला आणि त्याला जेवण गेलं नाही.

भिवाचं नाव झालं होतं ते आदल्या वर्षीच्या माफीच्या वेळी. व्हिसा संपलेल्यांनी मुदतीत देश सोडावा, दंड नाही, असं सरकारनं जाहीर केलं आणि माणसं घाबरून धावू लागली. कुणाचा पासपोर्ट हरवलेला, कुणाचा मालकाकडे अडकलेला. भिवा त्यांना गोळा करायचा, सुटी टाकून उन्हात त्यांच्याबरोबर इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहायचा. पण त्यांचे आउटपासचे, म्हणजे पासपोर्टशिवाय देश सोडायच्या परवान्याचे, अर्ज कुणी लिहिले होते? खैरुद्दीननं. अजमानच्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून एकशे चाळीस अर्ज. बोटांना घट्टे पडले होते. एअरपोर्टवर निघालेली माणसं मात्र भिवाच्या गळ्यात पडून रडली. खैरुद्दीनचा अर्ज खिडकीतून आत गेला की संपला.

हे त्याला तेव्हाही टोचलं होतं. आता ते रोज टोचू लागलं.

गटाचा उमेदवार ठरवायच्या मीटिंगच्या आदल्या आठवड्यात मेंबरांची यादी करताना त्याला फाइलमध्ये भिवाचा सदस्यत्वाचा अर्ज सापडला. माफीच्या धांदलीतला असेल, असं आधी वाटलं, पण तारीख त्यानं नीट वाचली: अकरा फेब्रुवारी शहाण्णव, म्हणजे माफीच्याही आधीची. निवडणुकीला उभं राहायला मेंबर होऊन एक वर्ष पुरं व्हावं लागत होतं. ते झालं होतं. पण अर्ज यादीत चढवायचाच राहून गेला होता. खैरुद्दीन थोडा वेळ कागद हातात धरून बसला. मग उठला, कपाटावरची मोठी बॅग उतरवली आणि गावी न्यायच्या कपड्यांखाली तो कागद सरकवून दिला.

शुक्रवारी दुपारी शाळेचा हॉल भरला. लियाकत उभा राहिला. "माझा पाठिंबा भिवा मानेला." टाळ्या. मग मनाली जोशी, शाळेत शिकवणारी. खैरुद्दीनला वाटलं, शिकलेली बाई आहे, आपल्याच बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "माझ्या दिराला हॉस्पिटलमधून घरी आणणारा माणूस मी विसरू शकत नाही. माझा पाठिंबा भिवाभाऊंना." मग फरदीन ड्रायव्हर, मग दोन प्लंबर, मग खैरुद्दीनच्याच गावचे जहूरचाचा. एकेक नाव ऐकताना खैरुद्दीन मनात म्हणत होता, याचा अर्ज मी लिहिला, याच्या भावाचाही मी लिहिला.

भिवा मागच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसला होता. त्याच्या त्या अवघडण्याचाही खैरुद्दीनला राग आला. लोकांना तेही आवडत होतं.

शेवटी खैरुद्दीन उठला. "पाठिंबा ठीक आहे. पण नियम आहे. एक वर्ष मेंबर असल्याशिवाय उभं राहता येत नाही, आणि यादीत मानेंचं नाव नाही. खलास."

माना भिवाकडे वळल्या. भिवा म्हणाला, "खैरुद्दीनभाई, मी फॉर्म तुमच्याच घरी भरला होता. पण नसेल तर राहू द्या."

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून जुलेखा उठली. खैरुद्दीनची बायको. तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"हा भिवाभाऊंचा फॉर्म," ती म्हणाली. "आमच्या घरीच राहिला होता. आज सकाळी मिळाला. चूक आमच्या घरची आहे, त्यांची नाही. आणि उभी राहिलेच आहे तर सांगते, माझाही पाठिंबा भिवाभाऊंना."

कागद कुठे मिळाला, हे तिनं सांगितलं नाही. टाळ्या थांबेनात. खैरुद्दीन खाली बसला. अकरा वर्षं तो मंडळासाठी राबला, पण ही बाई कधी चारचौघांत उठून त्याच्यासाठी एक शब्द बोलली नव्हती. बाकी सगळ्यांचा पाठिंबा त्यानं कसाबसा गिळला असता. हा गिळवेना.

हात वर झाले. भिवाला एकशे सव्वीस, खैरुद्दीनला एकोणीस.

टॅक्सीत मुलगी अलिशा म्हणाली, "अब्बा, व्हाय डिड एव्हरीवन क्लॅप फॉर मम्मी?" खैरुद्दीननं खिडकीची काच खाली केली.

घरी आल्यावर तो म्हणाला, "माझ्यासाठी कधी उभी राहिली नाहीस तू."

"आज राहणार होते," जुलेखा म्हणाली. "काय बोलायचं ते रात्री पाठसुद्धा केलं होतं. एकशे चाळीस अर्ज कुणी लिहिले, ते सांगणार होते. सकाळी अलिशाचा चांगला फ्रॉक काढायला बॅग उघडली."

ती आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

महिन्यानं भिवानं दुबईवाल्यांना हरवलं. दुसऱ्या दिवशी तो खैरुद्दीनकडे आला, चप्पल दाराबाहेर काढून. "सेक्रेटरी तुम्हीच राहा, खैरुद्दीनभाई. मला पत्र लिहिता येत नाही. दुसरं कोण काय लिहून देईल, त्यावर माझा विश्वास नाही."

"तो फॉर्म मी लपवला होता," खैरुद्दीन एकदम म्हणाला.

भिवानं जुलेखाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "लई वाईट वाटलं होतं त्या दिवशी." "पण पत्रं तुमच्यासारखी कुणी लिहीत नाही."

खैरुद्दीननं दोन दिवस मागून घेतले. दोन्ही दिवस त्यानं मनात नकारच घोळवला. अध्यक्षाच्या खुर्चीवर भिवा, टाळ्या भिवाला, आणि खाली बसून लिहिणार आपण. तिसऱ्या दिवशी लियाकतचा फोन आला, तू नाही म्हणत असशील तर दुबईचा धनंजय साठे तयार आहे, त्याचं इंग्रजी फर्स्टक्लास आहे.

"साठे?" खैरुद्दीन म्हणाला. "त्याला साधा आउटपासचा अर्ज लिहिता येत नाही."

त्यानं फोन ठेवला, जुलेखाकडे पेन मागितलं आणि जेबेल अलीच्या एका वेल्डरच्या अडकलेल्या कामाचे कागद समोर ओढले.