काळ्या रंगाखालचा हिरवा

"थांबलास कशाला, काका? घास की!"

ट्रॅव्हिस प्रूइट मागून ओरडला तेव्हा कॉय लेडबेटरचा हात बंपरच्या डाव्या टोकावर थबकला होता. पॉलिशपेपरखाली जुन्या काळ्या रंगाचा पोपडा निघाला होता आणि पोपड्याखाली हिरवा रंग दिसत होता. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. कॉयने पटकन त्यावर फडकं टाकलं. शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला न शोभणारी ती घाई होती.

"गुडघा धरलाय," तो म्हणाला.

"त्याला म्हणावं, शनिवारनंतर धर. शनिवारी उद्घाटन आहे."

उद्घाटन ट्रॅव्हिसच्या बापाच्या संग्रहालयाचं होतं. गावातल्या जुन्या बंबखान्याची एक खोली त्यासाठी मिळाली होती. हॉइट प्रूइटने पायनी फोर्कच्या लाल मातीच्या ट्रॅकवर एकशे बारा शर्यती जिंकल्या होत्या. चार वर्षांपूर्वी फुप्फुसांनी दगा दिला आणि तो गेला. मेलेला माणूस चांगलाच असतो म्हणतात. हॉइट तर थेट संतपदाला पोचला होता. भिंतीवर त्याचे करंडक, हेल्मेट, फोटो, आणि मधोमध ही सदतीस नंबरची काळी फोर्ड ठेवायची होती. पंचेचाळीस वर्षं ती प्रूइटांच्या तंबाखूच्या कोठारात धूळ खात होती. कॉयनेच ती बांधली होती, म्हणून त्याच कोठारात तिची दुरुस्तीही त्याच्याच गळ्यात पडली.

हॉइट संतबिंत काही नव्हता. कॉय सतरा वर्षांचा असताना हॉइटने त्याला सूतगिरणीतून ओढून गॅरेजात आणलं. पोटभर खाऊ घातलं, हाताला कसब दिलं, आणि काम चुकलं की कानफटातही वाजवली. दोन्हीत हात आखडता घेतला नाही. कॉयची डावी करंगळी वाकडी आहे, कारण एकदा हॉइटने रागाच्या भरात तिच्यावर बॉनेट आपटलं होतं. कॉयने ते कधी मनात धरलं नाही. त्याच्या सख्ख्या बापाने त्याला कधी हात लावला नव्हता. मारायलाही नाही आणि मायेनेही नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात हॉइटची हिरव्या गाडीवाल्या ड्यूई क्राउसशी जुंपली. जूनमध्ये ड्यूईने त्याला मागून ढकलून चिखलात घातलं. शर्यत संपल्यावर हॉइटने चाकाचा पाना उचलला आणि ड्यूईचं नाक फोडलं. जुलैमध्ये ड्यूईच्या दोन भावांनी हॉइटला संडासामागे गाठलं आणि बुटांनी तीन बरगड्या मोडल्या. ऑगस्टमध्ये क्राउसांच्या ट्रकची काच फुटली आणि त्यांचा कुत्रा मेला. शेरीफ हसून म्हणायचा, पोरं खेळतायत.

पायनी फोर्कला एक रीत होती. शर्यत संपली की लोक आधी बंपर वाचायचे. कोणाचा रंग कोणाच्या बंपरवर लागलाय, यावरून कोणी कोणाला कुठे ठोकलं ते पोरासोरांनाही कळायचं. दुसरा दिवस उजाडेपर्यंत बंपर धुवायचा नाही. धुतला तो भित्रा, असा सरळ हिशेब होता.

सप्टेंबरातल्या सुट्टीच्या सोमवारी, भर दुपारी, बेचाळिसाव्या फेरीत हॉइटने तिसऱ्या वळणावर ड्यूईच्या उजव्या मागच्या कोपऱ्याला बंपरचं डावं टोक लावलं. चुकून नाही. कॉय आतल्या कडेला उभा होता, त्याने हॉइटचे हात स्टिअरिंग वळवताना पाहिले. हिरवी गाडी उजवीकडे फिरली, मातीचा बांध चढली, हवेत उलटली आणि विजेच्या खांबावर छतानेच आदळली. छत दारापर्यंत खाली बसलं. मग पेट्रोल पेटलं. ड्यूईचा एक हात खिडकीबाहेर होता आणि तो बराच वेळ हलत होता. कॉय धावला, तळहात भाजून घेतले, दार काही उघडलं नाही. आज इतक्या वर्षांनीही मटण भाजल्याचा वास आला की तो घराबाहेर जाऊन उभा राहतो.

परत आला तर हॉइट गाडीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक, पण आवाज नेहमीचाच.

"बंपरला रंग मार."

"हॉइट, तो आत..."

"मेला तो. मला दिसतंय. लोक इकडे यायच्या आत रंग मार, कॉय."

कॉयने फवाऱ्याचा काळा डबा घेतला आणि मारला. शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं की आधी थिनरने पुसायचं, मग रंग. पुसलं असतं तर हिरवा कायमचा गेला असता. पण हात भाजलेले होते आणि माणसं धावत येत होती, म्हणून त्याने धुळीवरच रंग उडवला. झाकायला गेला आणि जपून ठेवून बसला.

शेरीफच्या माणसाने विचारलं, "शर्यतीआधी ड्यूईशी बोललेलास? प्यायलेला होता का रे?"

हॉइटचा हात कॉयच्या मानेवर होता. हात जड नव्हता. उलट अंगठ्याने तो मान चोळत होता, शर्यत जिंकल्यावर चोळायचा तसा.

"वास येत होता," कॉय म्हणाला.

तेवढ्यावर कागद झाला. ड्यूईने बाप्तिस्मा घेतल्यापासून ताकाखेरीज काही तोंडाला लावलं नव्हतं, पण त्याच्या प्रेतापुढे पाद्रीने तासभर दारूवर प्रवचन झोडलं. हॉइट त्या गाडीत पुन्हा बसला नाही. नवी बांधली, आणखी चाळीस शर्यती जिंकल्या.

"कोणी आहे का?"

कोठाराच्या दारात ड्यूईची बायको अर्लीन उभी होती. वय चौऱ्याहत्तर, केस नुकतेच सेट केलेले, छातीशी पर्स धरलेली. ट्रॅव्हिसने गावभर सांगून ठेवलं होतं की शर्यतींच्या जुन्या वस्तू असतील तर द्या. तिने पर्समधून एक पिवळट पुठ्ठा काढला. त्या काळी प्रत्येक गाडीच्या फेऱ्या त्या त्या ड्रायव्हरची बायको मोजायची. आपली गाडी रेषेवरून गेली की कार्डावर एक काट मारायची, दुसऱ्या गाडीकडे बघायचं नाही. अर्लीनच्या कार्डावर एक्केचाळीस काटा होत्या.

"एक्केचाळिसावी मारायला मान खाली घातली," ती म्हणाली, "वर केली तर गाडीच नव्हती. धूर तेवढा. पोरा, हे कार्ड तुला देते. पण माझं एक काम कर."

"बोला ना, अर्लीनबाई."

"संग्रहालयात तू लावलेल्या त्या पाटीवर लिहिलंय, दारूच्या नशेत ड्यूई क्राउसचा ताबा सुटला. तेवढी ओळ काढ. सुटला म्हण, मेला म्हण. दारू नको. मी किती दिवसांची राहिलेय? गावातली शाळेची पोरं येऊन वाचणार ते."

ट्रॅव्हिस वाईट माणूस नव्हता. बाप गेल्यापासून बापाच्या चपलेत पाय घालून फिरत होता, इतकंच. "अर्लीनबाई, इतिहास तो इतिहास. शेरीफचा कागद आहे माझ्याकडे. तुम्ही सांगितलं म्हणून एक ओळ काढली, तर उद्या दुसरा येईल आपली घेऊन."

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली आणि कार्ड पुन्हा पर्समध्ये ठेवू लागली. तिने वाद घातला नाही. कॉयला तिचं ते मुकाट्याने ऐकणं सहन झालं नाही. त्याने बंपरवरचं फडकं उचललं.

"ट्रॅव्हिस, इकडे ये. वाच."

ट्रॅव्हिसने वाचलं. लहानपणापासून बंपर वाचतच तो मोठा झाला होता. डावं टोक, हिरवा रंग, ओरखडा पुढून मागे. त्याचे कान लाल झाले.

"जुना असेल. जूनमधला."

"जूननंतर बंपर नवा बसवलेला. मीच बसवला. हॉइटने जाणूनबुजून ठोकलं त्याला. रंग मी मारला. आणि दारूचा वास येत होता हे पण मीच सांगितलं. खोटं होतं ते."

पहिला ठोसा जबड्यावर बसला. कॉय गाडीवर आपटला, फेंडरची कड बरगडीत घुसली. दुसऱ्याने त्याच्या कवळीचे दोन तुकडे झाले आणि तोंडात रक्त आलं. ट्रॅव्हिसने गळपट्टी धरून त्याला उचललं.

"त्याचं खाल्लंस ना तू! आयुष्यभर खाल्लंस! मेल्यावर भुंकतोस, कुत्र्या?"

"जिवंत होता तेव्हा भुंकायला हवं होतं," कॉय कसाबसा म्हणाला. "मार अजून. पण बंपर पुसू नकोस."

ट्रॅव्हिसने मारलं. पोटात, मग पुन्हा तोंडावर. त्याच्या स्वतःच्या बोटांची कातडी फाटली आणि तो रडायला लागला, तरी मारतच होता. शेवटी अर्लीनने बाकावरचा हातोडा उचलला आणि फोर्डच्या नव्या काचेवर घातला. काच खळकन खाली आली. ट्रॅव्हिस थांबला.

"पुरे," ती म्हणाली. "याचं तोंड मला अजून लागणार आहे."

तिने कॉयसमोर खोकं ओढलं आणि त्यावर बसली. हातोडा मांडीवरच होता.

"वास येत होता का त्याला?"

"नाही."

"नीट सांग. कसला येत होता?"

"पेट्रोलचा. साबणाचा. आणि ताकाचा, अर्लीन. सकाळी मैदानात त्याने मलाच अर्धा पेला दिला होता."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी खरं मानलं ते. पाद्रीने सांगितलं, शेरीफने सांगितलं, म्हटलं लपून पीत असेल. त्याच्या थडग्यावर एक फूल ठेवलं नाही मी. लोक नवऱ्याच्या आठवणीत झुरतात, मी पंचेचाळीस वर्षं नुसती चिडून काढली. मेलेल्या माणसाशी अबोला धरला, मेल्या! तू धरायला लावलास!"



अर्लीन उठली. काळ्या रंगाचा डबा बाकावर होता, तो तिने पर्समध्ये टाकला. "दुसरा आणता येईल तुला," ती ट्रॅव्हिसला म्हणाली, "पण आता तिघांना माहीत आहे." ट्रॅव्हिस काचांमध्ये बसून होता. त्याने मान वर केली नाही.

"चल," ती कॉयला म्हणाली.

"डॉक्टरकडे?"

"डॉक्टर कुठे पळून जात नाही."

तिनेच गाडी चालवली. कॉयने तोंडाला रुमाल धरला होता. चर्चमागच्या स्मशानात क्राउसांची थडगी ओळीने होती, फुलं घातलेली, आणि टोकाला एक बोडकं. त्यावर नुसतं नाव आणि दोन सालं. अर्लीन त्याच्यापासून चार पावलांवर थांबली, पुढे जाईना.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्याला सांग."

कॉयने टोपी काढली. बरगडी धरून तो दगडासमोर उभा राहिला. सुजलेल्या ओठांतून, कवळीवाचून, शब्द फुटत नव्हते. तरी त्याने सांगितलं. हॉइटने ठोकलं, मी रंग मारला, मी खोटं बोललो.

"मोठ्यानं," अर्लीन मागून म्हणाली. "इंजिनांनी त्याचे कान गेले होते. कमी ऐकायचा तो."

कॉयने घसा साफ केला, रक्त गवतात थुंकलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.